दोन नोडांच्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनची मांडणी : प्रकल्प नोंदी, अंबड (नाशिक)

सोमवार, ८ जानेवारी २०२४

अंबड औद्योगिक वसाहतीतील ज्या टूलरूमचे संगणक आम्ही सांभाळतो, तेथील डिझाइन विभागाकडून आज लेखी तक्रार आली. क्रेटच्या साच्यात वितळलेले प्लास्टिक कसे भरत जाईल, याचे सिम्युलेशन तेथे एका व्हर्च्युअल मशीनवर (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर) चालते. मॉडेल तेच, मेश (मॉडेलचे बारीक तुकड्यांचे जाळे) तोच, इनपुट तेच. तरीही हे काम कधी चार तास दहा मिनिटांत संपते, तर कधी सहा तास चाळीस मिनिटे घेते. "दादा, हळू चालतं असं माझं म्हणणं नाही," असे डिझाइन इंजिनिअर ताईंनी स्पष्ट केले. "कधी संपेल ते सांगता येत नाही, हे म्हणणं आहे. सकाळी लावलेलं काम दुपारी बघायचं की संध्याकाळी, ते मला कळायला हवं."

त्यांनी दोन महिन्यांच्या वेळा एका वहीत हाताने लिहून ठेवल्या आहेत. आमच्या देखरेखीच्या आलेखांपेक्षा ही वही अधिक उपयोगी ठरली, हे नमूद करणे भाग आहे. आलेखांत प्रोसेसर चांगल्या दिवशीही शंभर टक्के भरलेला दिसतो आणि वाईट दिवशीही. मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत थांबलेला कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील एक गणना-घटक, हासुद्धा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशेबी कामातच असतो, त्यामुळे या आलेखावरून काहीच निष्पन्न होत नाही. वहीतून मात्र एक गोष्ट निघाली. वाईट दिवस एकेकटे येत नाहीत, सलग येतात. आणि अशा प्रत्येक टप्प्याच्या आरंभी वीज जाऊन सर्व्हर पुन्हा चालू झाल्याची नोंद आहे.

मंगळवार, ९ जानेवारी

सर्व्हरमध्ये झिऑन ई५ मालिकेतील चौथ्या आवृत्तीचे दोन प्रोसेसर आहेत. प्रत्येकात १६ कोअर, प्रत्येक कोअरला दोन थ्रेड (कामाचे धागे), म्हणजे लिनक्सला एकूण ६४ प्रोसेसर दिसतात. मेमरी २५६ जीबी. त्यावर केव्हीएमखाली (लिनक्समधील व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सोयीखाली) चार व्हर्च्युअल मशीन चालतात : सिम्युलेशनचे ९६ जीबीचे व १६ व्हीसीपीयूंचे (आभासी प्रोसेसरांचे), डेटाबेसचे ४८ जीबीचे, रिमोट डेस्कटॉपचे ३२ जीबीचे आणि फाइल व लायसन्ससाठीचे ८ जीबीचे. बेरीज १८४ जीबी, त्यामुळे कागदावर सगळे व्यवस्थित बसते.

न्यूमासीटीएल या लिनक्सच्या साधनाला हार्डवेअरचे वर्णन विचारले, तेव्हा पहिला धक्का बसला. नोड म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याला थेट जोडलेली मेमरी. नोड ० वर १९२ जीबी आणि नोड १ वर फक्त ६४ जीबी. मूळ खरेदीत दोन्ही सॉकेटना (प्रोसेसर बसतो त्या जागांना) चार-चार, अशा १६ जीबीच्या आठ रॅम स्टिक होत्या. गेल्या वर्षी मेमरी दुप्पट केली, तेव्हा ज्यांनी काम केले त्यांनी आठही नव्या स्टिक पहिल्या सॉकेटजवळच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसवल्या. एकूण आकडा २५६ दिसला, बिल मंजूर झाले, आणि नोडनिहाय आकडा त्यांनी पाहिला नाही तसा आम्हीही पाहिला नाही.

आता वहीतील सलग टप्प्यांचा उलगडा होतो. लिनक्स मेमरीचे पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) प्रत्यक्षात तेव्हाच देते, जेव्हा एखादा थ्रेड त्याला पहिल्यांदा स्पर्श करतो. आणि तो थ्रेड त्या क्षणी ज्या नोडवर चालत असेल, त्या नोडची मेमरी प्रथम देऊ पाहते. ती संपली असेल तर शेजारच्या नोडची देते आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. वीज येऊन चारही मशीन एकदम उठली की कोणाची पाने कोणत्या बाजूला पडणार, हे त्या काही मिनिटांच्या धावपळीत ठरते आणि पुढचा वीजपुरवठा खंडित होईपर्यंत बहुतांशी तसेच राहते.

शुक्रवार, १२ जानेवारी

राष्ट्रीय युवा महोत्सवाच्या उद्घाटनासाठी पंतप्रधान शहरात असल्याने आज अंबडला जाण्याचा खटाटोप केला नाही. घरूनच मोजमापे घेतली.

फर्मवेअर (सर्व्हरच्या बोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर) नोडांमधील अंतराचा जो तक्ता देते, त्यात स्वतःच्या मेमरीला १० आणि पलीकडच्या मेमरीला २१ असे आकडे आहेत. हे नॅनोसेकंद नव्हेत. स्वतःचे अंतर १० धरून दिलेली ती सापेक्ष मापे आहेत आणि त्यांवरून पलीकडची मेमरी दुपटीहून संथ आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. इंटेलच्या मेमरी विलंब मोजणाऱ्या साधनाने मोकळ्या यंत्रावर पाहिले तर पलीकडचा विलंब सुमारे दीडपट येतो. खरी अडचण गर्दीत होते. दोन सॉकेटना जोडणाऱ्या क्यूपीआय दुव्याची क्षमता मेमरी वाहिन्यांच्या (प्रोसेसर व रॅममधील मार्गांच्या) एकत्रित क्षमतेपेक्षा बरीच कमी आहे. सगळे थ्रेड एकाच वेळी पलीकडून माहिती मागू लागले की रांग लागते आणि विलंब दीडपटीवर थांबत नाही.

टूलरूमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी फोनवर विचारले, "मेमरी तर दुप्पट केली होती ना, मग अडतं कुठे?" त्यांना सांगितले, "काका, दुकान रविवार कारंजावर आणि गोदाम पंचवटीत, अशी गत झाली आहे. माल भरपूर आहे, पण प्रत्येक डाग अहिल्यादेवी होळकर पुलावरून आणावा लागतो. शिवाय अलीकडचंही एक गोदाम आहे, ते आपण जवळजवळ रिकामंच ठेवलं." यावर त्यांनी, "मग माल हलवा," एवढेच म्हटले. तांत्रिकदृष्ट्याही उत्तर तेच आहे.

जवळची मेमरी आणि लांबची मेमरी असणारी ही रचना, म्हणजे न्यूमा, नवी नाही. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या बाहेर, मदरबोर्डवरील वेगळ्या चिपमध्ये असे, तोवर दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये सर्व प्रोसेसर मेमरीपासून सारख्याच अंतरावर होते आणि एकाच बससाठी भांडत होते. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉनमध्ये हा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत आणला आणि इंटेलच्या झिऑनमध्ये तो २००९ च्या ५५०० मालिकेपासून आला. त्यानंतर प्रत्येक सॉकेटची स्वतःची मेमरी झाली आणि जवळचे-लांबचे हा भेद साध्या दोन सॉकेटच्या यंत्रातही आला.

रविवार, १४ जानेवारी

कारखाना बंद असल्याने सर्व्हर उघडला. दुसऱ्या सॉकेटकडे चार स्टिक हलवल्या. आता दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे १२८-१२८ जीबी. या प्रोसेसरला चार मेमरी वाहिन्या आहेत आणि प्रत्येक वाहिनीला तीन स्लॉट. पूर्वी पहिल्या सॉकेटचे बाराही स्लॉट भरलेले होते. वाहिनीवर तिसरी स्टिक आली की या पिढीत मेमरीचा वेग खाली उतरतो, तोही तोटा आपण वर्षभर सोसत होतो. आता प्रत्येक वाहिनीवर दोन.

बायोसमध्ये दोन गोष्टी तपासल्या. नोड इंटरलीव्हिंग बंद आहे, ते बंदच ठेवले. ते चालू केले तर पाने दोन्ही सॉकेटवर आलटून-पालटून पडतात, लिनक्सला एकच नोड दिसतो आणि प्रत्येकाला सारखाच मध्यम त्रास होतो. एका सॉकेटचे दोन नोड करणारा क्लस्टर ऑन डाय हा पर्यायही बंद ठेवला, कारण ९६ जीबीचे मशीन ६४ जीबीच्या नोडात मावणार नाही.

डब्यात भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी होती, हीच या रविवारची जमेची बाजू.

मंगळवार, १६ जानेवारी

स्टिक हलवल्यावर दोन धावा झाल्या : चार तास पाच मिनिटे आणि पाच तास पन्नास मिनिटे. तफावत कमी झाली, गेली नाही. हे अपेक्षितच होते. मेमरी समान वाटली म्हणून व्हीसीपीयूंचे थ्रेड दोन सॉकेटमध्ये फिरायचे थांबत नाहीत. कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) स्वयंचलित न्यूमा संतुलन चालू आहे. ते काही पाने तात्पुरती अनमॅप करते, पुढचा स्पर्श कोणत्या नोडवरून होतो ते पाहते आणि पान किंवा थ्रेड एकमेकांजवळ आणते. लहान मशीनसाठी ते उत्तम आहे. ९६ जीबीच्या मशीनमध्ये ४ केबीची अडीच कोटींहून अधिक पाने येतात, आणि संतुलनाची ही धडपड सुरू असतानाच शेड्युलर (कोणता थ्रेड कोणत्या कोअरवर चालेल ते ठरवणारा भाग) थ्रेड दुसरीकडे नेतो.

म्हणून लिबव्हर्टमध्ये (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनात) मांडणी हाताने लिहिली. सिम्युलेशनची मेमरी 'स्ट्रिक्ट' पद्धतीने (दुसऱ्या नोडची मेमरी मुळीच घ्यायची नाही, अशी) नोड ० ला बांधली आणि व्हीसीपीयू १६ वरून १४ केले, जेणेकरून नोड ० चे दोन कोअर होस्ट (खरा सर्व्हर) व क्यूएमयूच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इतर थ्रेडसाठी उरतील. चौदा व्हीसीपीयू होस्टच्या प्रोसेसर क्रमांक ० ते १३ वर एकास एक पिन केले, म्हणजे तेथेच बांधले. मशीन चालू झाले, न्यूमास्टॅट या नोडनिहाय मेमरीचे आकडे देणाऱ्या साधनाने त्याची सगळी पाने नोड ० वर दाखवली. समाधानाने घरी गेलो.

बुधवार, १७ जानेवारी

तीन धावा : पाच तास वीस, पाच तास बावीस, पाच तास एकोणीस मिनिटे. वेळ आता बदलत नाही. मात्र स्थिर झाली ती वाईट बाजूला. ताईंचा निरोप आला : "दादा, आता नक्की सांगता येतं, पण नक्की उशीर होतो."

गुरुवार, १८ जानेवारी

चूक सापडली आणि ती पूर्णपणे माझी आहे. कोअरच्या क्रमांकांविषयी मी गृहीत धरले होते की पहिले १६ क्रमांक पहिल्या सॉकेटचे असतील. एलएससीपीयू या प्रोसेसरांची माहिती देणाऱ्या आज्ञेने छापलेली ओळ मी आधीच वाचायला हवी होती : नोड ० चे प्रोसेसर ०, २, ४, ६ असे सम; नोड १ चे १, ३, ५, ७ असे विषम. या यंत्राचे फर्मवेअर क्रमांक आलटून-पालटून देते. कोअरचा जोड थ्रेड ३२ ने पुढे आहे : ० चा जोडीदार ३२, २ चा ३४. म्हणजे ० ते १३ पिन करून मी सात व्हीसीपीयू मेमरीजवळ आणि सात कायमचे पुलापलीकडे बसवले होते. पूर्वी निदान नशिबाने कधी चांगला दिवस यायचा, तोही मी बंद केला. शिवाय दुसऱ्या सॉकेटच्या मेमरी वाहिन्या या कामासाठी अजिबात वापरल्या जात नव्हत्या.

हे दोन दिवस का कळले नाही, तेही लिहून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी याच खड्ड्यात पाय घालील. न्यूमास्टॅटमधला 'न्यूमा मिस' हा स्तंभ मी पाहत होतो आणि तो जवळजवळ वाढत नव्हता. पण हे स्तंभ मेमरीचे वाचन-लेखन मोजतच नाहीत. पान देण्याचा प्रसंग मोजतात. धोरणाने नोड ० मागितला आणि नोड ० मिळाला, तर तो 'हिट'. मागणारा थ्रेड कोणत्या सॉकेटवर बसला आहे याच्याशी त्या स्तंभाला कर्तव्य नाही. ते सांगणारा स्तंभ 'अदर नोड' हा आहे. पान या नोडवरून दिले, पण मागणारा दुसऱ्या नोडवर चालत होता, असे झाले की तो वाढतो. मशीन सुरू करून पहिले मॉडेल चढवताना तो भराभर वाढलेला होता. आकडा डोळ्यांसमोर होता, मी शेजारचा वाचत होतो.

दुरुस्ती : व्हीसीपीयू आता ४ ते ३० या चौदा सम क्रमांकांवर. क्यूएमयूचे मुख्य व इनपुट-आउटपुटचे थ्रेड ०, २ आणि त्यांचे जोडीदार ३२, ३४ यांवर. त्या चौदा कोअरचे जोड थ्रेड मुद्दाम रिकामे ठेवले आहेत. रात्रीची धाव तीन तास त्रेपन्न मिनिटे.

शनिवार, २० जानेवारी

काल-परवाच्या पाचही धावा तीन तास पन्नास ते पंचावन्न मिनिटांच्या आत आहेत. काकांचा प्रश्न रास्त होता : सोळाचे चौदा केले, मग काम लवकर कसे झाले? हे सिम्युलेशन मॉडेलचे तुकडे करून प्रत्येक थ्रेडला एक तुकडा देते आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी सर्व थ्रेड एकमेकांसाठी थांबतात. सोळातला एक जरी होस्टच्या कामामुळे अडखळला किंवा पलीकडच्या मेमरीत गुंतला, तरी उरलेले पंधरा त्याच्या वेगाने चालतात. वारीतली दिंडी सर्वांत मागच्याच्या पावलाने चालते, तसे.

आज मोठी पाने लावायला घेतली. व्हर्च्युअल मशीनमध्ये पत्ता शोधताना गेस्टचे (आतल्या व्हर्च्युअल मशीनचे) चार पातळ्यांचे तक्ते आणि होस्टचे चार पातळ्यांचे तक्ते असे दोन्ही ओलांडावे लागतात. टीएलबीत (अलीकडे शोधलेले पत्ते जपणाऱ्या प्रोसेसरमधील छोट्या साठ्यात) नोंद नसेल तर वाईटात वाईट प्रसंगी त्यासाठी २४ वेळा मेमरी वाचावी लागते. ४ केबीऐवजी १ जीबीची पाने वापरली की होस्टकडची वाट आखूड होते आणि अडीच कोटींच्या जागी केवळ ९६ पाने उरतात.

बूटच्या ओळीत ९६ पाने राखून यंत्र चालू केले, तर सिम्युलेशनचे मशीन उठेना. मेमरी मिळत नाही, असा संदेश. ९६ पाने तर राखलेली दिसत होती. नोडनिहाय पाहिले तेव्हा दोन्ही नोडांवर ४८-४८. नोड न सांगता एकच आकडा दिला की कर्नल पाने सगळ्या नोडांवर सारखी वाटते. आणि 'स्ट्रिक्ट' म्हटल्यावर नोड १ वरची ४८ पाने या मशीनच्या कामाची नाहीत. आमच्या कर्नलमध्ये नोडनिहाय आकडा बूटच्या ओळीतच देता येतो. तो तसा दिला. यंत्र बराच वेळ चाललेले असताना ही पाने राखू पाहणे व्यर्थ आहे, कारण तोवर १ जीबीचे सलग मोकळे तुकडे उरत नाहीत.

नंतरची धाव तीन तास सदतीस मिनिटे. हा आकडा आमच्या यंत्रापुरता आणि याच मॉडेलपुरता आहे. दुसऱ्या कोणी त्यावरून अपेक्षा बांधू नये.

बुधवार, २४ जानेवारी

उरलेली तीन मशीन नोड १ वर नेली. डेटाबेस तेथेच हवा, कारण एनव्हीएमई डिस्क ज्या स्लॉटमध्ये आहे तो दुसऱ्या सॉकेटला जोडलेला आहे. उपकरणाचा नोड सिसएफएसमध्ये (लिनक्सच्या उपकरणांची माहिती देणाऱ्या फाइलींत) वाचता येतो. डेटाबेसच्या आठ व्हीसीपीयूंना आठ कोअर एकास एक दिले. रिमोट डेस्कटॉप आणि फाइलच्या मशीनला मात्र उरलेल्या आठ कोअरच्या गटात मोकळे सोडले आहे. प्रत्येकाला खुंटीला बांधण्यात अर्थ नाही. दिवसभर बहुतेक वेळ रिकाम्या बसणाऱ्या मशीनला नोडाचे कुंपण पुरते, कोअरची दावण लागत नाही.

रिमोट डेस्कटॉपच्या बाबतीत एक जुनी चूकही निघाली. टोपॉलॉजी (सॉकेट व कोअरची रचना) न लिहिल्यामुळे त्या विंडोजला आठ व्हीसीपीयू म्हणजे आठ वेगवेगळे सॉकेट वाटत होते. एक सॉकेट, आठ कोअर असे लिहिले.

सारखी पाने एकत्र करणारे केएसएम चालूच ठेवले, पण दोन नोडांची पाने एकत्र करण्याची त्याची मुभा काढली. ती मूळ सेटिंगमध्ये दिलेली असते आणि तिच्यामुळे मशीनचे एखादे पान गुपचूप पलीकडे जाते. स्वयंचलित न्यूमा संतुलन बंद केले. मोठ्या राखीव पानांना ते तसेही हात लावत नाही, आणि बाकी मशीन आता कुंपणात आहेत.

पर्यायी सर्व्हर एकाच सॉकेटचा आहे. तेथे ही पिन केलेली मांडणी लागू पडणार नाही, म्हणून तेथील मशीनची वेगळी फाइल करून ठेवली आणि दोन्ही फाइलींच्या माथ्यावर कोणती कोणत्या यंत्राची ते लिहिले.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

सोमवारी वीज जाऊन यंत्र पुन्हा उठले. ही खरी परीक्षा होती. नोड ० वर ९६ मोठी पाने, नोड १ वर शून्य. पुढच्या चार धावा तीन तास पस्तीस ते चाळीस मिनिटांत. ताईंनी वहीत वेळ लिहिणे थांबवले आहे.

आज मात्र नवी मागणी आली. मोठ्या क्रेटच्या साच्यासाठी मेश बारीक करायचा आहे आणि सिम्युलेशनला १६० जीबी हवेत. एका नोडात ते मावत नाही. मग मशीन दोन्ही नोडांवर पसरावे लागेल आणि गेस्टलाही दोन आभासी नोड दाखवावे लागतील, ८०-८० जीबीचे, प्रत्येकी आठ व्हीसीपीयूंसह, प्रत्येक आभासी नोड आपापल्या खऱ्या नोडाला बांधलेला. हे न दाखवता मशीन नुसते पसरवले, तर गेस्टमधील लिनक्सला सगळी मेमरी सारखीच वाटेल आणि ८ जानेवारीची तक्रार पुन्हा दारात येईल.

हिशेब करून पाहिला. १६० आणि इतर तीन मशीनचे ८८ मिळून २४८, म्हणजे २५६ च्या आत. नोडनिहाय मात्र जमत नाही. दोन लहान मशीन नोड ० वर आणली तर तेथे ८० अधिक ४०, शिवाय होस्टचा स्वतःचा खर्च. नोड १ वर ८० अधिक ४८ म्हणजे नेमके १२८, आणि १२८ जीबीच्या नोडातले थोडे कर्नल आधीच घेऊन बसलेले असते. त्यामुळे १६ जीबीच्या आठ स्टिक आणखी घेण्याचा प्रस्ताव काकांकडे पाठवला. प्रत्येक वाहिनीवर तिसरी स्टिक येऊन मेमरीचा वेग उतरेल, हे त्यात लिहिले आहे. त्याऐवजी ३२ जीबीच्या स्टिक घेऊन जुन्या काढण्याचा दरही जोडला आहे. दोन्ही पर्यायांत खरेदीपत्रावर स्लॉटचे क्रमांक घातले : निम्म्या स्टिक पहिल्या सॉकेटला, निम्म्या दुसऱ्या सॉकेटला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूच्या आकृतीचा फोटो सोबत लावून, नोडनिहाय आकडा दाखवल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही, अशी ओळ खाली टाकली.